स्पोर्ट्‌स मोटारीचे बुश कसे निवडावे?

मोटारीसंबंधीं बोलावयाचें म्हटलें कीं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम इंजिन उभें राहतें. गाडी किती वेगानें धांवते, किती पेट्रोल पिते, तिचा रंग कोणता, याची चौकशी सारेच करतात. परंतु चाक ज्या लोखंडी भुजेला अडकविलेलें असतें ती भुजा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें रबराचा जो एक लहानसा तुकडा बसविलेला असतो, त्याची चौकशी कोणी करीत नाहीं. तो दिसत नाहीं, चकाकत नाहीं, आणि सुस्थितींत असेपर्यंत त्याचा आवाजहि येत नाहीं. कारागीर त्याला बुश म्हणतात. तो झिजला म्हणजे त्याच्या जागीं कोणता नवा बुश घालावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय. विषय क्षुल्लक वाटेल. पण घाटाच्या वळणावर तो एकाएकीं केवढा मोठा होतो, तें मीं स्वतः अनुभविलें आहे. म्हणून आधीं ती हकीकत सांगतों.

माझ्याजवळ दोन आसनांची, उघड्या टपाची एक जुनी परदेशी स्पोर्ट्‌स मोटार आहे. अशा गाड्या आपल्याकडे फार नाहींत. गोव्यांत बांधली गेलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी मोटार ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना या जातीची कल्पना येईल. ही गाडी बुटकी असते, जमिनीस खेटून चालते, आणि तिचा खरा गुण सरळ रस्त्यावर नव्हे तर वळणावर दिसतो. साहजिकच अशी गाडी बाळगणाऱ्याला घाटाची ओढ असते, आणि मुंबईकराला ही ओढ बहुधा महाड-पोलादपुराकडे घेऊन जाते. गोव्याकडे जाणारा महामार्ग महाडावरून पोलादपुरास येतो, आणि तेथें दोन वाटा होतात. एक कशेडीकडून खेड-चिपळुणास जाते. दुसरी आंबेनळी घाट चढून, प्रतापगडाच्या बाजूनें महाबळेश्वरास पोंचते. ही दुसरी वाट सुमारें ४० किलोमीटरांची आहे, आणि तेवढ्या अंतरांत ती जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुमारें १३७० मीटर उंचीवर चढते. वळणांची तेथें उणीव नाहीं आणि दरीचीहि नाहीं. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस याच घाटांत दरींत कोसळली, आणि तींतील केवळ एकच प्रवासी वाचला. तेव्हांपासून तो घाट उतरतांना माझा पाय ब्रेकवर जरा आधींच जातो.

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर मी महाबळेश्वराहून खालीं येत होतों. शेजारीं माझा भाचा होता. तो पुण्यास यंत्रशास्त्राचा अभ्यास करतो. एका अरुंद वळणावर समोरून एस्. टी. ची गाडी वर येतांना दिसली. मीं ब्रेक दाबला. सुकाणूचक्र मीं सरळ धरलें होतें, तरीहि गाडी उजवीकडे, म्हणजे नेमकी एस्. टी. च्या अंगावर, ओढली गेली. एस्. टी. च्या चालकानें प्रसंगावधान राखून आपली गाडी जागींच उभी केली, आणि दोहोंमध्यें हातभर अंतर उरलें. तो चालक आम्हांला एक शब्दहि बोलला नाहीं. त्यानें केवळ कपाळाला हात लावला. पुढें पोलादपुरापर्यंत आम्ही पायीं चालणाऱ्याच्या गतीनें उतरलों, आणि तेथून महाडपर्यंतचे सुमारें २० किलोमीटर जीव मुठींत धरून काढले.

महाडास एका वयस्क मिस्त्रींच्या गॅरेजांत गाडी नेली. त्यांनीं गाडी खड्ड्यावर घेतली, विजेरी घेऊन खालीं उतरले, पहारीनें उजव्या पुढच्या चाकाची खालची भुजा हलवून पाहिली, आणि वर न येतांच म्हणाले, "साहेब, बुश गेला. रबर नळीपासून सुटलें आहे."

मला नवल वाटलें, कारण हे बुश अवघ्या दीड वर्षापूर्वीं शहरांतील एका कारखान्यांत नवे बसविले होते. भाचा लगेच म्हणाला, "मामा, मी तेव्हांच सांगत होतों. रबर हें जुन्या काळाचें. आतां पॉलियुरेथेनचे घाला, म्हणजे पुन्हा पाहावयास नको." खरें सांगावयाचें तर मलाहि तें पटलें होतें. जो पदार्थ दीड वर्षांत फाटतो तो टाकावा आणि त्याहून कठीण पदार्थ घ्यावा, हा हिशेब कोणासहि सरळ वाटेल. तो हिशेब कोठें चुकला तें कळण्यासाठीं बुशाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

दोन पोलादी नळ्या डोळ्यांसमोर आणा, एक रुंद आणि एक अरुंद. अरुंद नळी रुंद नळीच्या पोटांत ठेवलेली आहे, आणि मधल्या जागेंत रबर भरून तें उष्णतेनें दोन्ही नळ्यांस कायमचें चिकटविलें आहे. हा झाला बुश. बाहेरची नळी भुजेच्या भोंकांत दाबून बसवितात. आंतल्या नळींतून बोल्ट जातो, आणि तो आवळला म्हणजे आंतली नळी सांगाड्याशीं जखडली जाते. आतां चाक खड्ड्यांत गेलें कीं भुजा खालीं झुकते, उंचवट्यावर चढलें कीं वर येते. परंतु या हालचालींत कोणतीहि नळी कशावरहि घासत नाहीं. मधलें रबर तेवढें पिळलें जातें आणि पुन्हा मूळ जागीं येतें. मोटारीच्या आरंभीच्या काळांत या ठिकाणीं पितळी बुश असत, आणि त्यांना वरचेवर ग्रीस द्यावें लागे. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यानें गंधक व उष्णता यांच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधिली. पुढें विसाव्या शतकांत रबर धातूस पक्कें जोडण्याची कला साधली, आणि मोटारवाल्याची ती ग्रिसाची कटकट संपली.

या रबराकडून आपण परस्परविरुद्ध कामें करवून घेतों. भुजेला वरखालीं हलतां यावें म्हणून त्यानें पिळलें गेलें पाहिजे. रस्त्याची थरथर आंत येऊं नये म्हणून तें मऊ असलें पाहिजे. आणि ब्रेक दाबतांना किंवा वळतांना चाकानें आपली दिशा सोडूं नये म्हणून तें घट्टहि असलें पाहिजे. माझ्या गाडीच्या उजव्या बाजूचें रबर सुटल्यामुळें ब्रेक लागतांच तें चाक मागें सरकलें, त्याची दिशा बदलली, आणि सुकाणू सरळ असतांहि गाडी वांकडी गेली. सपाट रस्त्यावर हलक्या ब्रेकनें जें जाणवलें नव्हतें तें उतारावर, सारा भार पुढच्या चाकांवर आल्यावर, प्रकट झालें.

आतां निवडीचे मार्ग पाहूं. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग मूळ जातीच्या रबरी बुशाचा. तो शांत, स्वस्त आणि वंगण न मागणारा आहे. भुजा केवळ वरखालीं न फिरतां थोडी तिरपी होत असेल, तर तेंहि तो सहन करतो. त्याचे शत्रु म्हणजे इंजिनाचें गळणारें तेल, उष्णता आणि वय. खनिज तेलानें नैसर्गिक रबर फुगतें व पोचट होतें, आणि वर्षें लोटलीं कीं कपाटांत ठेवलेलें रबरहि कडक होतें.

दुसरा मार्ग पॉलियुरेथेनचा. हा पदार्थ १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रथम सिद्ध केला. शोअर नांवाच्या मापानें साध्या रबरी बुशाचा कठिणपणा साधारण ५० ते ७० भरतो, तर या बुशांचा बहुधा ८० ते ९५ असतो. तेलाचें भय त्याला कमी, आणि चाकाची दिशा तो अधिक नेमकी राखतो. परंतु तो नळीला चिकटविलेला नसतो. नळी त्याच्या पोटांत फिरते. म्हणजे घर्षण आलें, घर्षणाबरोबर ग्रीस आलें, आणि ग्रीस वाळलें कीं कुरकुर आली. शिवाय तो एकाच आंसाभोंवतीं सुखानें फिरतो. भुजेला तिरपें व्हावयाचें असेल तर तो तिला अडवितो, आणि अडलेला जोर कोठेंतरी दुसऱ्या ठिकाणीं, बोल्टाच्या बेचक्यावर नाहीं तर भुजेवर, जाऊन बसतो.

तिसरा मार्ग धातूच्या गोलाकार सांध्याचा. शर्यतीच्या गाडींत तोच शोभतो. त्यांत ढिलाई नसते. पण रस्त्यावरील प्रत्येक खडा तो चालकाच्या कण्यापर्यंत पोंचवितो, आणि चिखल व वाळू शिरली म्हणजे लवकर झिजतो. ज्यानें गाडी शर्यतीपुरतीच बाळगली आहे आणि जो दर थोड्या दिवसांनीं ती उकलून पाहतो, त्यानें तो घ्यावा. महाडपलीकडच्या पावसांत गाडी नेणाऱ्या गृहस्थाचें तें काम नव्हे.

माझ्या भाच्याचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता, आणि मी त्याला होकार देण्याच्या बेतांत होतों. तेवढ्यांत मिस्त्री म्हणाले, "नवे कोणते घालायचे तें मागाहून ठरवा, साहेब. आधींचे मेले कशानें, तें तर बघूं."

त्यांनीं गाडी खड्ड्यावर चारहि चाकांवर उभी ठेविली. डाव्या बाजूचा बुश अद्याप फाटला नव्हता. त्याच्या आंतल्या नळीच्या कडेवरून शेजारच्या लोखंडी बेचक्यापर्यंत त्यांनीं खडूनें एक सरळ रेघ ओढली, आणि मग पान्यानें बोल्टाचा नट हळूंहळूं सैल केला. एकदम खट्‌ असा आवाज झाला. नळी आपोआप फिरली, खडूच्या रेघेचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांपासून दूर गेले, आणि गाडीची डावी बाजू बोटभर खालीं बसली. मिस्त्री भाच्याकडे वळून म्हणाले, "बघितलेंत, भाचेसाहेब? हें रबर दीड वर्ष असें पिळलेलेंच उभें होतें. बसवणाऱ्यानें गाडी जॅकवर उचलून, चाक लोंबत असतांना बोल्ट आवळला. रबराचा त्यांत काय गुन्हा?"

श्रोतेहो, या एका वाक्यांत सर्व विषयाचें सार आहे. गाडी उचलली कीं चाक खालीं लोंबतें आणि भुजाहि खालीं झुकते. समजा, भुजा ३०० मिलिमीटर लांब आहे आणि तिचें टोंक नेहमींच्या जागेहून ९० मिलिमीटर खालीं आलें आहे. म्हणजे ती सुमारें साडेसतरा अंशांनीं झुकली. या स्थितींत बोल्ट आवळला तर रबर तीच आपली विश्रांतीची जागा समजतें. मग गाडी जमिनीवर उतरविली कीं तें साडेसतरा अंश पिळलें जातें, आणि गाडी घरीं उभी असतांहि तें पिळलेलेंच राहतें. रस्त्यावरच्या उंचवट्यानें आणखी दहा अंशांचा पीळ दिला कीं साडेसत्तावीस होतात, आणि नळीजवळचें रबर वर्तुळाकार फाटूं लागतें. उजव्या बाजूच्या मेलेल्या बुशावर तशीच वर्तुळाकार चीर होती. म्हणून रबरी बुशाचा बोल्ट अखेरचा आवळावयाचा तो गाडीचा भार चाकांवर आल्यावरच. खड्डा नसेल तर भुजेखालीं जॅक देऊन ती चालत्या उंचीइतकी वर उचलावी आणि मग आवळावा. हा नियम नवा नाहीं. परंतु गाडीखालीं निजून आवळण्यापेक्षां गाडी उचलून आवळणें सोपें, म्हणून तो चुकविला जातो.

भाच्यानें विचारलें, "पण पॉलियुरेथेनला हा नियम लागू नाहीं ना?" प्रश्न बरोबर होता. त्या बुशांत नळी मोकळी फिरत असल्यामुळें असा पीळ बसत नाहीं, हें खरें. मिस्त्रींनीं तें कबूल केलें, आणि म्हणाले, "मात्र पावसाळ्यांत वाकणाकडच्या चिखलांतून गाडी नेलीत, कीं त्यांतलें ग्रीस धुवून जातें. मग दर पावसाळ्यानंतर खोलून द्यावें लागेल. तुमची तयारी असेल, तर जरूर घाला." मीं मनाशीं प्रामाणिक हिशेब केला. वर्षांतून चार वेळां घाट, बाकीचे दिवस मुंबईचे खड्डे. शेजारच्या आसनावर कधीं भाचा, कधीं पाठीच्या दुखण्यानें बेजार झालेली माझी पत्नी. दरवर्षीं गाडी उकलण्याचा माझा स्वभाव नव्हे. तेव्हां भुजांसाठीं आम्हीं मूळ जातीचे रबरी बुशच घ्यावयाचें ठरविलें.

भाच्याचें म्हणणें मात्र सर्वस्वीं टाकून दिलें नाहीं. वळणावर गाडी एका बाजूस कलूं नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी पोलादी दांडी असते. तिला धरणारे बुश साधे असतात. दांडी त्यांच्यांत केवळ फिरते, तिरपी होत नाहीं, आणि ते काढण्याघालण्यास पान्याचे चार वेढे पुरतात. तेथें आम्हीं पॉलियुरेथेन घातलें. वळणावरचा नेटकेपणा त्यानें जाणवण्याइतका वाढला, आणि बैठकीच्या सुखांत उणें आलें नाहीं. एकाच गाडींत दोन पदार्थ वापरण्यांत विसंगति नाहीं. जेथें जशी हालचाल तेथें तसा पदार्थ, हाच तर निवडीचा अर्थ आहे.

आणखी एक उदाहरण सांगतों. इंग्लंडांत १९६२ पासून १९८० पर्यंत निघालेल्या एमजीबी या प्रसिद्ध स्पोर्ट्‌स मोटारीच्या खालच्या भुजांत आरंभीं साधे रबरी बुश असत. १९७३ ते १९७६ या काळांत निघालेल्या तिच्या व्ही-आठ इंजिनाच्या भावंडाला कारखान्यानें पोलादी नळीस जोडलेले अधिक भक्कम रबरी बुश दिले. आज साध्या एमजीबीचे पुष्कळ मालक आपल्या गाडींत हेच व्ही-आठचे बुश आवडीनें घालतात. सुधारणा पाहिजे म्हणजे पदार्थच बदलला पाहिजे असें नाहीं. त्याच पदार्थाची चांगली रचनाहि काम देते.

आतां, ज्यांना हा प्रसंग येईल त्यांच्या उपयोगासाठीं चार गोष्टी सांगतों. खड्ड्यावर चाकाजवळ खटखट वाजणें, ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढली जाणें, सरळ रस्त्यावर सुकाणू सारखें सांवरावें लागणें, आणि टायरची आंतली कड लवकर झिजणें, हीं बुश गेल्याचीं लक्षणें आहेत. रबराच्या पृष्ठावर केसासारख्या चिरा दिसल्या म्हणून घाबरूं नये. रबर नळीपासून सुटलें आहे काय, तें पहारीनें भुजा हलवून पाहावें. बुश बदलतांना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे; एक नवा आणि एक जुना असला तर गाडीचें मन एकाच बाजूस धांवेल. कित्येक बुशांच्या रबरांत मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या कोणत्या दिशेस होत्या याची खूण जुना बुश काढण्यापूर्वींच करून ठेवावी, कारण पोकळीच्या दिशेनें बुश मऊ आणि आडव्या दिशेनें घट्ट असतो, आणि ही दिशा चुकली तर उत्तम बुशहि वाईट वागतो. रबरी बुश दाबून बसवितांना तेल किंवा ग्रीस लावूं नये. साबणाचें पाणी पुरतें. आणि सर्व झाल्यावर चाकांची दिशा यंत्रावर तपासून घ्यावी; तिच्यावांचून हें काम अपुरें आहे.

खरेदीच्या वेळीं, पुडक्यावरचें नांव पाहून भुलूं नये. आपल्या गाडीच्या भागाचा क्रमांक जुळतो का, रबर ताजें आहे का, नळीच्या कडेला तें सर्वत्र सारखें चिकटलेलें आहे का, हें नखानें दाबून पाहावें. भुजेसकट नवा बुश मिळत असेल आणि आपल्या मिस्त्रीकडे दाबयंत्र नसेल, तर भुजाच बदलणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. कारण हातोड्यानें ठोकून बसविलेला बुश तिरपा बसतो, आणि तिरप्या बुशाचें आयुष्य अल्प असतें.

या सर्वांच्या आधीं मात्र मिस्त्रींचा तो प्रश्न विचारावा. नवा कोणता, हें विचारण्यापूर्वीं जुना कशानें गेला, हें विचारावें. तेलानें फुगून गेला असेल तर आधीं गळती थांबवावी. वर्तुळाकार फाटला असेल तर आवळण्याची रीत सुधारावी. वयानें कडक होऊन गेला असेल तर त्यानें आपलें काम इमानानें केलें असें समजावें, आणि त्याच्याच जातीचा दुसरा आणावा. कारण न शोधतां केवळ कठीण पदार्थ घातला, तर दोष नाहींसा होत नाहीं. तो एका जागेहून उठून दुसऱ्या, बहुधा अधिक महाग, जागीं जाऊन बसतो.

नवे बुश बसवून झाल्यावर पंधरा दिवसांनीं आम्ही दोघे पुन्हा आंबेनळी उतरलों. त्या वळणावर मीं मुद्दाम, मागें-पुढें कोणी नाहीं असें पाहून, ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली. भाचा कांहीं बोलला नाहीं. पण महाडांत शिरल्यावर त्यानेंच गाडी त्या गॅरेजापाशीं थांबवावयास सांगितलें, आणि खालीं उतरून मिस्त्रींना नमस्कार केला. मिस्त्रींनीं त्याला विचारलें, "काय भाचेसाहेब, रबर जुन्या काळाचें कीं नव्या?" भाचा हंसून म्हणाला, "तें बसवणाऱ्यावर आहे."